लुकलुक न खपणारे सिग्नलकाका

सिग्नलकाकांना लुकलुकणारा दिवा खपत नसे. रेल्वेच्या सिग्नल खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस दिवाळीआधी तारनाक्याच्या आमच्या बिल्डिंगमध्ये दारोदार फिरून प्रत्येकाची एलईडी माळ मागून न्यायचा. वायरवरची छोटी डबी उघडायची, आत एक बारीक तार सोल्डर करायची, डबी पुन्हा घट्ट बंद करायची. माळ परत यायची ती एकसारखी, शांत जळणारी.

लोक हसत. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं असे : "जन्मभर लाल-हिरवं बघितलं. दिवा कसा, एका शब्दाचा पाहिजे." कुणी घाई केलीच तर म्हणत, "हल्लू, हल्लू. आत दोनशेवीस व्होल्ट बसलेत."

मी लग्न होऊन नांदेडहून नुकतीच आले होते. बेगम बाजारातून हौसेनं आणलेली, आठ तऱ्हांनी नाचणारी माझी माळ नवऱ्यानं परस्पर काकांना देऊन टाकली. ती मुकी होऊन आली तेव्हा मला राग आला. मी हट्टानं दुसरी आणली आणि काकांना न सांगता दारावर लावली.

पाडव्याच्या संध्याकाळी त्यांची मुलगी वसुधा फराळाचं ताट घेऊन आली. कॉलेजात शिकवणारी, तिशीची, अबोल. दारात बोलता बोलता तिचं वाक्य मध्येच तुटलं. नजर माळेवर खिळली, ताट हातातून सुटलं आणि ती करंज्या-चकल्यांवर कोसळली. हातपाय झटके देऊ लागले. मी ओरडून काकांना हाक मारली.

काका अनवाणी धावत आले. आधी त्यांनी माळ बंद केली. मग वसुधाला कुशीवर वळवलं, खांद्यावरचा पंचा डोक्याखाली घातला आणि घड्याळाकडे बघत बसले. शेजारच्या बाई चप्पल हुंगवायला आल्या, त्यांना हातानंच थांबवलं. दोन मिनिटांत झटके थांबले.

मी रडत माफी मागू लागले. काका हळू आवाजात म्हणाले, "तुझी काय चूक? अठरा वर्षं मी कुणाला सांगितलंच नव्हतं. मिरगी म्हटलं की स्थळं परत जातात."

अठरा वर्षं या माणसानं स्वतःला चक्रम म्हणवून घेतलं होतं, आणि भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या आम्हा कुणालाही पत्ता नव्हता. ही गोष्ट बाहेर जाऊ नये, एवढंच त्यांनी त्या बाईंकडे आणि माझ्याकडे मागितलं. आम्ही कबूल झालो.

वसुधा मात्र कबूल झाली नाही. बिल्डिंगच्या महिन्याच्या मीटिंगमध्ये ती उभी राहिली. म्हणाली, "मला मिरगी आहे. दिवे लुकलुकले की त्रास होतो. बाबा त्यासाठीच तुमच्या माळा नेत होते."

काका खाली मान घालून बसले होते. शेवटी शेजारच्या त्याच बाईंनी विचारलं, की तू आमच्यासमोर पडलीस तर आम्ही काय करायचं? वसुधानं सांगितलं, कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका.

मीटिंग संपल्यावर काका जिन्यात मला म्हणाले, "इतकी वर्षं डब्या उघडत बसलो. एकदा तोंड उघडायला पाहिजे होतं."

पुढच्या वर्षी वसुधा नोकरीसाठी एकटी वरंगलला गेली. दोन महिन्यांत काका झोपेतच गेले. तेराव्यानंतर मी भीतभीत तिला विचारलं, तू सगळ्यांसमोर बोललीस, ते त्यांनी फार मनाला लावून घेतलं का?

ती म्हणाली, "मी बोलणार, हे त्यांना आदल्या दिवशीच सांगितलं होतं. ते काहीच बोलले नाहीत. सकाळी उठून पाहिलं, तर माझी साडी इस्त्री करून ठेवली होती."