निवळीचं पाणी

त्या पावसाळ्यात माझं काम एवढंच होतं. नाल्याला पूर आला की पाणी बाटल्यांत भरायचं आणि चांद्याच्या कचेरीत पोचवायचं. तिथं ते गाळून, सुकवून आतली माती तोलत. वर डोंगरावर सरकारी लाकूडतोड चालली होती. खालचे ढिवर ओरडत होते, की तोडीची माती वाहून आमचा तलाव बुजतोय, मासळी गेली की आम्ही गेलो. पाण्यात माती जास्त निघाली, तरच तोड थांबणार होती.

भर पुरात काठावर उभा राहायला मी काय मूर्ख होतो? नाल्याकाठच्या एका ढिवर बाईकडे बाटल्या दिल्या, "पूर आला की भरून ठेव" म्हटलं आणि गडचिरोलीच्या खोलीवर लोळत पडलो. कागदावर मात्र 'समक्ष भरले' असं ठोकून दिलं. तिनं भरून ठेवलेल्या बाटल्या आणल्या, तर पाणी नितळ दिसत होतं. मी डोळ्यांवर कातडं ओढलं.

माती नगण्य निघाली. तोड चालू ठेवायला हरकत नाही, असा शेरा तयार झाला. सही तेवढी व्हायची होती.

उरलेल्या बाटल्या आणायला गेलो, तेव्हा बाई कौतुकानं म्हणाली, "गढूळ पाणी सायबाले कसं द्याव, भाऊ? निवळीचं बी घासून माती खाली बसवली, मंग वरचं वरचं भरलं."

तिकडे पाहुण्यालाही कोणी गढूळ पाणी देत नाही. हा तर साहेब! पाणी कशासाठी हवं, हे मी तिला सांगितलंच नव्हतं.

तिचा नवरा जाळं विणत बसला होता. त्यानं विचारलं, "आता तोड थांबन नं, भाऊ?"

"बघू," म्हणालो.

कचेरीत खरं बोललो असतो तर माझी हंगामी नोकरी गेली असती. मी मूग गिळून बसलो. सही झाली. माझी थुंकी माझ्याच तोंडावर पडावी, असा मी माणूस.

तीन वर्षांनी मार्कंड्याच्या जत्रेला जाताना त्या गावी थांबलो. तलावात बैल चरत होते. नवरा कोळशाच्या खाणीत गेला होता. बाईनं ओळखलं, बसायला घोंगडी टाकली, लोटाभर पाणी दिलं. नितळ.

"एवढं चोख पाणी धाडलं होतं मी," ती म्हणाली, "तरी सायबानं आयकलं नाई. काऊन, भाऊ?"

मी लोटा तोंडाला लावला आणि संपेपर्यंत खाली ठेवला नाही.