उंच शेजारीण, राहिलेली बास्केट

रात्री साबुदाणा भिजवताना वाटतं, एवढासा तर घातलाय. सकाळी बघावं तर पातेल्याचं झाकण वर उचललेलं. लारिसाच्या किश्शांचं माझ्याकडे तसंच झालंय. एक सांगायला बसावं, तर मागून दुसरा फुगून येतो.

लारिसा म्हणजे आमची इथली, न्यूझीलंडच्या रोटोटुना उपनगरातली शेजारीण. मूळची रशियाची. आयुष्यभर व्यावसायिक बास्केटबॉल खेळली, आता हॅमिल्टनमधल्या एका लहानशा क्लबकडून खेळते. उंची सहा फूट चार इंच. माझी पाच फुटांच्या आत, कशाला सांगू.

*

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ती पहिल्यांदा आली. जँडल्स, म्हणजे इथल्या रबरी चपला, दाराबाहेर काढून, चौकटीखाली नीट वाकून. मी पाट मांडला. ती पाटाकडे बघत राहिली आणि म्हणाली, "सॉरी, माझा गुडघा तिथपर्यंत जात नाही."

आता उभ्या बाईला कुंकू कसं लावायचं? माझा हात तिच्या हनुवटीपर्यंत. शेवटी मीच पाटावर चढले.

पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या माझ्या सासूबाई सोफ्यावरून म्हणाल्या, "अगं, पाट पाहुण्यांना द्यायचा असतो. यजमानीण कधीपासून चढायला लागली?"

*

संकष्टीला चंद्र समोरच्या छपरामागे अडकलेला. सासूबाई आणि मी अंगणात ताटकळत उभ्या. कुंपणापलीकडून लारिसाने विचारलं, काय शोधताय. मी सांगितलं. तिने मान जराशी उंच केली. "हा काय, आलाय की."

मी आनंदाने सासूबाईंना म्हटलं, "चला, ताटं घेते."

"चंद्र तिला दिसलाय," सासूबाई म्हणाल्या. "मग तिलाच जेवू दे."

आणि ती खरंच जेवली. आमचा चंद्र वर येईपर्यंत तिने पाच मोदक संपवले.

*

त्याच दिवशी सासूबाईंनी तिला विचारलं, "इतके देश फिरलीस, भाषा किती येतात?" दुभाषी मीच.

लारिसा चौदाव्या वर्षी सायबेरियातलं घर सोडून स्पोर्ट्स हॉस्टेलवर गेली. मग पोलंड, टर्की, स्पेन. स्पेनमध्ये तिला एक किवी इंजिनीअर भेटला आणि तो तिला इकडे घेऊन आला. ती म्हणाली, "प्रत्येक क्लबमध्ये मी तिथलं एकच वाक्य पक्कं शिकले. 'गुडघा दुखतो.'"

सासूबाईंनी तिला ते मराठीत शिकवलं. आता सकाळी कुंपणाच्या अलीकडून एक आणि पलीकडून एक, "गुडघा दुखतो" म्हणतात आणि समाधानाने आपापल्या कामाला लागतात.

*

माझे उपवास, माझी व्रतं यांचं इथे बऱ्याच जणांना नवल वाटतं. लारिसाला कधीच वाटलं नाही. तिचेही नेम आहेत. आधी डावा बूट, मग उजवा. मॅचच्या दिवशी केस कापायचे नाहीत. आणि टीम जिंकत असेल, तर मोजे धुवायचे नाहीत.

सासूबाईंनी बराच विचार केला. "म्हणजे आपलं सोवळं न धुता मोडतं, आणि हिचं धुतल्याने."

*

यंदा डॉक्टरांनी तिला स्पष्ट सांगितलं, गुडघ्याचा हा शेवटचा सीझन. आणि अख्खा सीझन कोचने तिला बाकावर बसवलं. माझ्या ओट्यापाशी चहा पिताना ती म्हणाली, "जिंकायचं नाहीये गं. एक बास्केट पडू दे, एकदाच बॉल जाळीतून जाऊ दे. मग मी सुखाने थांबेन."

मला राहवलं नाही. तिची बास्केट पडेपर्यंत गोड सोडलं.

दुसऱ्या दिवशी ती मधाचा केक घेऊन आली. मी व्रत सांगितल्यावर केक हातात धरून तशीच उभी राहिली. "म्हणजे आता मी तुझ्या साखरेसाठीही खेळायचं? थँक्स मंजिरी. प्रेशर ढीगभर कमी झालं."

*

शेवटच्या मॅचला आम्ही सासू-सून गेलो. आमची टीम इतकी मागे पडली, की अखेरच्या मिनिटाला कोचने लारिसाला उतरवलं. तिच्या हातात बॉल येताच समोरचीने धक्का दिला. रेफरीने शिट्टी वाजवली. लारिसाला दोन फ्री थ्रो. कोणी अडवणार नाही, बास्केटसमोर उभं राहायचं आणि टाकायचं.

मी डोळे मिटून गणपतीचा जप सुरू केला.

"तिकीट काढून डोळे कसले मिटतेस?" सासूबाई पुटपुटल्या.

तेवढ्यात माझं नाव ऐकू आलं. रेफरीने बॉल अजून दिला नव्हता, आणि लारिसा कोर्टवरून आमच्याकडे बघत होती. "मंजिरी, देवाने मला चौदाव्या वर्षापासून खेळताना पाहिलंय. तू एकदाही नाही. उघड डोळे."

अख्खा हॉल वळून माझ्याकडे बघायला लागला. मी डोळे उघडले.

बॉल गेला, रिंगवर आदळला आणि बाहेर पडला.

लारिसाने माझ्याकडे शांतपणे बघितलं. "ओके. घे मिटून."

मी मिटले. शेजारी सासूबाईंनीही मिटले. त्यामुळे पुढचं आम्हाला जाळीच्या आवाजावरूनच कळलं.