इर्जिकीचा कॉम्प्युटर

"आमी कायबी केलं न्हाई, आपोआप बंद पडतोय," असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. भोरमध्ये कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवताना मी एवढं नक्की शिकले आहे, की आपोआप काही होत नसतं. कुणीतरी काहीतरी केलेलं असतं आणि नेमकं तेच सांगायचं राहिलेलं असतं. राजगडाच्या पायथ्याच्या एका वाडीतून तसाच फोन आला, तेव्हा मी आधी दोन शब्द सुनावले आणि मग नसरापूर, मार्गासनी करत स्कूटरवर निघाले.

कॉम्प्युटर समाजमंदिरात ठेवला होता. शाळेतल्या मुलांना अभ्यासाचे व्हिडिओ मोठ्या टीव्हीवर बघता यावेत म्हणून वाडीने तो उभा केला होता. उभा केला म्हणायचं कारण तो कुणी विकत घेतलाच नव्हता. आमच्या भागात एखाद्याची नांगरट अडली की सगळे आपापले बैल घेऊन जातात, दिवसभरात त्याचं रान उरकून देतात आणि त्याच्याकडेच जेवतात. त्याला इर्जिक म्हणतात. वाडीने कॉम्प्युटरचीही इर्जिक घातली होती. पुण्यात नोकरीला असलेल्या एकाने सीपीयूचा जुना डबा दिला, एकाने कीबोर्ड, एकाने हार्ड डिस्क. मेमरीच्या दोन पट्ट्या दोन वजनदार घरांतून आल्या होत्या, एक माजी सरपंचांकडून आणि दुसरी त्यांच्या चुलतभावाकडून. सगळं जोडून झाल्यावर नारळ फुटला, जेवणं झाली. औताला बैल जुंपताना जोड जमतो का, हे दहादा बघणारी ही माणसं. इथे मात्र ज्याने जे दिलं ते बसवलं, कारण नको कसं म्हणायचं? मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं.

मी चालू केल्यावर कॉम्प्युटर गुणी बाळासारखा चालला. टीव्हीवर व्हिडिओ लावला, चहा आला, आणि कप खाली ठेवते तोवर पडदा निळा. त्यावर इंग्रजीत बिघाडाची ओळ होती आणि त्या ओळीत डिस्प्ले कार्डाच्या, म्हणजे पडद्यावर चित्र पाठवणाऱ्या भागाच्या, ड्रायव्हरचं नाव. ड्रायव्हर म्हणजे कार्डाचं म्हणणं कॉम्प्युटरला समजावून सांगणारा प्रोग्रॅम. मी ते नाव मोठ्याने वाचलं. तेवढंच पुरलं.

"बगा, म्या म्हनलं न्हवतं?" माजी सरपंच जमलेल्यांकडे वळून म्हणाले. "त्याचंच कार्ड हाय. त्यो हितं हुता तवाबी कटकट, आन न्हाई तरी कटकट."

हा 'तो' कोण, ते मला शेजारच्या बाईंनी हळू आवाजात सांगितलं. वाडीतलाच एक मुलगा. वायरिंग, मोबाईल, टीव्ही, सगळ्यात हात चालायचा. हात चालायचा म्हणूनच नडला. पाण्याची मोटर जळली तरी यानेच काहीतरी केलं असणार, देवळातला स्पीकर बसला तरी यानेच. मोटरीवरून भर सभेत मोठ्या माणसांना उलटं बोलला आणि त्याच आठवड्यात घर सोडून पुण्याला गेला. पुन्हा आला नाही. त्याचा कॉम्प्युटर घरीच राहिला होता. इर्जिकीच्या वेळी त्याच्या आईने त्यातलं कार्ड काढवून घेतलं आणि स्वतः आणून दिलं. टीव्हीची वायर त्याच कार्डाला लागत होती, म्हणून घेतलं. नाहीतर घेतलं नसतं, असं त्या बाई म्हणाल्या.

ती आई दारातच उभी होती. आत आली नव्हती. मी तिच्याकडे बघितलं तेव्हा ती म्हणाली, "ताई, काडून टाकायचं आसंल तर काडा. पन आदी नीट बगा. गावाच्या कामात माज्या लेकराचं कायतरी आसावं म्हनून दिलतं."

मला त्या क्षणी फार वाईट वाटलं आणि सरपंचांचा रागही आला. पण रागाने मशीन दुरुस्त होत नाही. शिवाय ते बरोबर असण्याची शक्यता होतीच. कार्ड जुनं होतं, वरची सिस्टीम नवी. अशी जोडी बिनसते, मी रोज बघते. दुसरीकडे हेही माहीत होतं, की पडद्यावर नाव येतं ते पडणाऱ्याचं. ढकलणारा पुष्कळदा मागे, गर्दीत असतो.

मी कार्ड काढलं. टीव्ही बाजूला ठेवून माझ्या पिशवीतला छोटा मॉनिटर मूळ बोर्डालाच जोडला आणि पुन्हा व्हिडिओ लावला. सगळे पडद्याकडे बघत होते, मी त्या आईकडे. बंद पडू दे, असं मी मनात म्हणत होते. दुरुस्ती करणाऱ्या बाईने असं म्हणू नये, पण म्हणत होते. व्हिडिओतली शिक्षिका अपूर्णांकांची बेरीज समजावत होती. बेरीज संपायच्या आत पडदा निळा झाला.

कार्ड माझ्या हातात होतं आणि कॉम्प्युटर त्याच्याशिवाय पडला होता.

मग मेमरीच्या पट्ट्यांवर आले. सरपंचांची एकटी ठेवली, चालला. चुलतभावाची एकटी ठेवली, तरीही चालला. दोन्ही बसवल्या की थोड्या वेळाने पडायचा. दोघींचा वेग वेगळा, बनावट वेगळी. त्यांचं आपसात जुळत नव्हतं, आणि गडबड झाली की त्या वेळी जो कामात असेल त्याचं नाव पडद्यावर यायचं. व्हिडिओ चालू असताना कामात असायचं कार्ड.

"म्हंजी माजी पट्टी खराब?" सरपंचांनी विचारलं.

"खराब कुणाचीच नाही, काका. एकत्र चालणार नाहीत, एवढंच."

"आमचं भावकीचं तसंच हाय," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. नाइलाजाने सरपंचही हसले. जास्त क्षमतेची पट्टी चुलतभावाची निघाली. ती ठेवली, सरपंचांची त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती खिशात घातली, बंडीची गुंडी लावली आणि चहा कुणाला हवा का ते विचारायला लागले. कार्ड परत बसवलं. पुढे खटका नको म्हणून सिस्टीमने चढवलेला नवा ड्रायव्हर काढून कार्डाचा जुना टाकला आणि तो पुन्हा बदलणार नाही अशी सोय केली. टीव्हीवर व्हिडिओ लावून आम्ही सगळ्यांनी अपूर्णांकांचा तो धडा शेवटपर्यंत बघितला.

पिशवी भरत होते तेव्हा ती आई आत आली. पहिल्यांदाच. सगळ्यांसमोर माझ्याजवळ येऊन म्हणाली, "ताई, त्याला तुमच्या मोबाईलवरनं फोन लावाल? माजा त्यो उचलत न्हाई."

नंबर तिला पाठ होता. मी लावला. आईलाही ऐकू यावं म्हणून स्पीकर लावला. समाजमंदिरात आवाज घुमतो, त्यामुळे सगळ्यांनाच ऐकू जात होतं. त्याने उचलला. मी कोण, कुठून बोलते ते सांगितलं. वाडीच्या कॉम्प्युटरला तुमचं कार्ड लावलंय, तो बंद पडत होता, म्हणून मला बोलावलं होतं, असंही सांगितलं. मग तो अगदी थकलेल्या आवाजात म्हणाला, "माज्यामुळंच बिगडलं आसंल. काडून टाका."

"नाही," मी म्हणाले. "मी सगळं तपासलंय. तुमच्या कार्डाचा काहीही दोष नाही. ते उत्तम चाललंय. दोष दुसरीकडे होता."

आईने माझ्या हातातून मोबाईल घेतला. सरपंच समोरच बसले होते, चुलतभाऊ दारात होता, अर्धी वाडी ओट्यावर होती. तिने कुणाकडे बघितलं नाही, आवाजही कमी केला नाही.

"ऐकलंस?" ती म्हणाली.