बगळ्यांकडे बघणारे मामा

"पाण्याकडं काय बघताय सायेब? बगळं बघा."

सकाळी तळ्यांवर फिरताना मामा मला रोज हे ऐकवायचे. हात पाठीमागे, नजर बांधावर.

मामा म्हणजे आमच्या मत्स्यबीज केंद्रावरचे कंत्राटी पहारेकरी. गाव दुष्काळी माण तालुक्यातलं. अर्धा जन्म पाण्याची वाट बघण्यात गेला, उरलेला कृष्णाकाठी माशांची पिल्लं राखण्यात. काम पाखरं हाकलायचं, पण गोफणीत दगड कधी घातला नाही, ओल्या मातीचा गोळा घालायचे. पाणकावळ्याला "मुडद्या" म्हणून शिवी हासडायची आणि तरी तो उडाला नाही, तर "खा गड्या, पर एकच" म्हणायचं. असा पहारा.

बगळ्यांचं मात्र खरं होतं. पाण्यातला प्राणवायू उतरला की पहाटे पिल्लं वर येऊन तोंड वासतात. आपल्याला ते उशिरा दिसतं, बगळ्यांना आधी. ज्या तळ्याकाठी बगळ्यांची रांग, तिथं मामा धावत जाऊन ताजं पाणी सोडायचे. आमचं मोजायचं यंत्र कपाटात बंद पडलेलं होतं.

मग वरून विचारणा झाली, पाखरं एवढी पिल्लं खातात कशी? मी सगळ्या तळ्यांवर जाळी ओढून घेतली. बगळे नदीकडे निघून गेले. मामा म्हणाले, "आता मला सांगनार कोन?" मी हसलो. अक्कल गहाण ठेवली होती, दुसरं काय.

श्रावणात आठवडाभर आभाळ भरून राहिलं. ऊन नसलं की पाण्यातला प्राणवायू उतरतो. एका सकाळी तिसऱ्या तळ्यावर मेलेल्या पिल्लांचा पांढरा थर. मामा गुडघाभर पाण्यात उभे राहून ओंजळीनं ती बाहेर काढत होते.

चौकशीत ठरलं, पहारेकऱ्याची हयगय. जाळीचा विषय मी काढायला हवा होता. माझी बढती तोंडावर होती. अहवालावर मुकाट्यानं सही केली आणि मामांचं काम गेलं.

दिवाळीनंतर दहिवडीकडे गेलो, तेव्हा खरं सांगायचं म्हणून त्यांच्या घरी थांबलो. लोकांची मेंढरं राखत होते. मी तोंड उघडायच्या आधी तेच म्हणाले, "सायेब, लय खातंय मला. त्या पहाटं माझा डोळा लागला आसंल. तुमचा इस्वास घालवला मी."

मी नाही म्हणालो नाही. चहा प्यालो आणि एसटी धरली.

गेल्या चैत्रात मामा वारले. त्या पहाटे ते जागेच होते, हे मला ठाऊक आहे; त्यांची बॅटरी बांधावर फिरताना मी खोलीच्या खिडकीतून पाहिली होती. त्यांना सांगायचं ते आज तुम्हाला सांगतोय.