सतरा नंबरकडे जाणारे बाण

शनिवार, २२ नोव्हेंबर १९८६. काम : बांगडीने गोल काढणे.

कंपासपेटी मुलीने शाळेत नेली होती. म्हणून मी हातातली एक बांगडी उतरवून कार्डशीटवर ठेवली आणि तिच्याभोवती पेन्सिल फिरवत सव्वीस गोल काढले. प्रत्येक गोलात एक नंबर, आणि एक नंबर म्हणजे पांढुर्ण्याच्या संत्र्याच्या गोदामातली एक बाई. जिने जिचं नाव घेतलं तिच्याकडे बाण. कामाला शेजारी कोण हवी, त्याचे निळे. कोण नको, त्याचे लाल. निळे बाण कागदभर सांडले होते. लाल मात्र सगळेच्या सगळे सतरा नंबरकडे जात होते. सतरा नंबरचा स्वतःचा लाल बाणसुद्धा स्वतःकडेच. तो कसा काढावा कळेना, शेवटी कपाच्या कानासारखा वाकवला.

तक्ता इतका देखणा झाला की मी तो दोनदा लांब धरून पाहिला.

मी तेव्हा चाळिशीची होते, सौसरच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवत होते आणि पीएच.डी.साठी तीनदा मुदतवाढ घेऊन बसले होते. विषय होता लहान गटांतल्या कामगारांचे परस्परसंबंध. नवरा म्हणायचा, आपण घरात चौघं आहोत, हाही लहान गटच, कधी इकडेही लक्ष दे. नागपूरचे मार्गदर्शक कमी विनोदी होते. त्यांनी सांगितलं होतं की येत्या मार्चनंतर मुदत नाही. तीन प्रकरणं लिहून झाली होती, पण ती इतरांच्या पुस्तकांतून आली होती. चौथ्यात माझं स्वतःचं काहीतरी असायला हवं होतं.

गोदामाच्या मालकाने परवानगी दिली ती एका अटीवर. "माह्या बायांचं काय चालू हाय ते मले एका कागदावर लिहून द्या," तो म्हणाला. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. नावं द्यायची नाहीत, फक्त नंबर द्यायचे, हा शास्त्राचा नियम मला पाठ होता. नंबर कुठून आणायचे याचा नियम पुस्तकात नव्हता. मी ते हजेरीच्या रजिस्टरमधून घेतले. तयार होते, सोयीचे होते.

गोदामात संत्र्यांचे ढीग पडायचे आणि बाया रांगेने बसून हातानेच लहान, मधलं, मोठं निवडायच्या. रांगेच्या शेवटी सावरगावची मावशी बसायची. पन्नाशीची, आवाज फाटका. पेटीत भाताचं तणस घालून फळं भरण्याआधी निवडलेल्या ढिगांवरून तिचा हात शेवटचा फिरायचा. पाणी संपलं, कोणाला लवकर घरी जायचं असलं, कोणाचं पोर तापलं, की मालकापुढे जाऊन उभी राहणारीही तीच.

मी एकेकीला पेट्यांच्या आड पोत्यावर बसवून विचारलं, शेजारी कोण हवी? नावं भराभर आली. कोण नको? सगळ्यांचं एकच उत्तर : "आमाले सगळ्याच चालतात." सव्वीस जणींना सगळ्याच चालत असतील तर माझं चौथं प्रकरण चालत नव्हतं. म्हणून संध्याकाळी त्यांना एकत्र करून मी सांगितलं, "बायांनो, नाव द्यावंच लागेल. नाहीतर माझी परीक्षा होणार नाही. उद्या परत येते."

दुसऱ्या दिवशी पंचवीस जणींनी एका दमात एकच नाव सांगितलं : मावशी. मावशीला विचारलं तर तीही म्हणाली, "मीच." मला वाटलं, माझ्या समजावण्यात काहीतरी जादू असणार. आधी मी जातीचं कारण लावून पाहिलं. मावशी बौद्ध, पण तिचं नाव घेणाऱ्यांत निम्म्या तिच्याच वस्तीतल्या. मग मी तिच्या फटकळ जिभेचं कारण लावलं. आणि मावशीच्या नावापुढे वहीत लिहिलं : आत्मसन्मान कमी.

गुरुवारी मालकाला कागद दिला. अक्षर सुवाच्य, मुद्दे पाच. तिसरा मुद्दा होता की सतरा नंबरच्या कामगाराला गटाने पूर्णपणे नाकारलं आहे, त्याचा कामावर परिणाम होऊ शकतो. 'शकतो' या शब्दाबद्दल मला तेव्हा अभिमान होता. शास्त्रज्ञ सावध असतो ना.

तर त्या शनिवारी तक्त्याची गुंडाळी करून मी दुपारच्या बसने पांढुर्ण्याला गेले. खरं सांगायचं तर काम काही नव्हतं, मालकाला तक्ता दाखवायचा होता. रांगेच्या शेवटची जागा रिकामी दिसली.

"म्याडम, तुमचा कागद लई कामाचा निघाला," मालक खुशीत होता. "सतरा नंबर कोन, ते रजिस्टर उघडलं अन् समजलं. जिले एकबी बाई नको म्हनते तिले ठेवून मी काय करू? काल हिशोब करून सोडून देल्ली. तशीबी रोज काही ना काही मांगाले येतच होती."

मी तक्ता न उघडताच बायांकडे गेले. मावशीच्या शेजारी बसणारी तिगावची एक तरणी बाई होती, तिखट जिभेची. तिने मान वर न करता विचारलं, "काय म्याडम, झाल्या का पास?"

"मावशी काय म्हणाल्या जाताना?"

"तुमीच हाकलली अन् तुमीच इचारून राहिल्या?"

"मी नाही हाकललं. तुम्हीच सगळ्यांनी तिचं नाव दिलं."

आता तिने मान वर केली. "तुमी म्हनलं का नाव द्याच लागते. आमी नळावर बसून इचार केला. एकीचं नाव देल्लं त भांडन तिच्या घरापर्यंत जाते. अन् गाव केवढं? पोरी देल्ल्या-घेतल्या हायेत. मंग मावशीच म्हने, माह्यं द्या सगळ्या. मले काही होत नाई. बिचारीची परीक्षा होऊन जाईन."

"मग मालकाला का नाही सांगितलं?"

"मावशीनं शपथ घातली ना. म्हने, आपुन ठरवून सांगितलं असं समजलं त म्याडम नापास होते." तिने एक संत्रं लहानच्या ढिगात टाकलं. "या वयात नापास होनं बरं दिसते का?"

बाकीच्या हसल्या. मलाही हसू आलं असतं, पण तो हक्क मी त्या दिवशी गमावला होता. सव्वीस बाया एकत्र बसून एक निर्णय घेतात, तो पाळतात, मालकापुढेही फुटत नाहीत. हाच माझा विषय होता. तो माझ्या नाकासमोर नळावर घडला आणि मी पोत्यावर बसून आत्मसन्मान मोजत होते.

जाम नदीचा पूल ओलांडून सावरगावला गेले. मावशी ओट्यावर तांदूळ पाखडत होती.

"जयभीम म्याडम. बसा. परीक्षा झाली?"

"जयभीम. मावशी, माझ्यामुळे तुमचं काम गेलं."

"गेलं ना," ती म्हणाली, जणू मी वेळ विचारली होती. "आज सकाळी आनखी दोन गोदामांत जाऊन आली. तिथंबी पोचलं, का इले कोनी जवळ बसू देत नाई. तुमचा कागद माह्या पयले चालते, बाई. संत्र्याच्या या दोन महिन्यांवरच पुढचं सारं काढाचं असते मले."

"स्वतःचंच नाव कशाला दिलंत?"

"मंग कोनाचं देऊ? पंचवीस जनींनी माह्यं देल्लं, अन् मी एकीचं देऊन तिले रडवू?"

"मी मालकाला खरं सांगते."

"काय सांगसान? का बायांनी तुमाले बनवलं? मंग तुमचं पुस्तक?"

"ते बघू."

"बघू म्हनजे गेलं." तिने सूप खाली ठेवलं. "तीन सालापासून करून राहिल्या म्हने तुमी. वाईट वाटते."

माझं तिला वाईट वाटत होतं. सव्वीस लाल बाण आणि हे वाक्य एका कागदावर मांडायची पद्धत मला अजूनही सापडलेली नाही.

परतीच्या बसमध्ये मी एक भित्रं वाक्य तयार केलं : माणुसकी म्हणून तिला परत घ्या. त्यात माझी चूक कबूल करावी लागत नव्हती आणि चौथं प्रकरण जिवंत राहत होतं. सौसर येईपर्यंत मी ते चार प्रकारांनी घोळवलं. पण मालकाला मी ओळखत होते. माणुसकीला तो हो म्हणाला असता आणि कागद फाइलमध्ये ठेवला असता. पुढच्या वर्षी तोच कागद पुन्हा निघाला असता, आणि बाकीच्या गोदामांत तर तो न लिहिताच पोचला होता. कागद खोटा आहे असंच सांगायला हवं होतं, आणि तो खोटा असेल तर प्रकरणही खोटं.

घरी नवऱ्याने तक्ता उघडून पाहिला. "छान आहे की," तो म्हणाला. "हे काय, चूल आहे का मधोमध?"

रविवारी सकाळी पहिल्या बसने गेले. मोसमात गोदामाला रविवार नसतो. मालक गल्ल्यापुढे उदबत्ती लावत होता. ती लावून होईपर्यंत थांबले आणि सगळं सांगितलं.

"म्हंजे तुमाले इतकं शिकून हे समजलं नाई?"

"नाही."

"बायांनी तुमाले..."

"बायांनी चूक केली नाही. मी प्रश्नच चुकीचा विचारला आणि उत्तर जबरदस्तीने घेतलं."

"मंग लिहून द्या," तो म्हणाला. "पयला कागद लिहून देल्ला होता, दुसराबी द्या."

मी लिहिलं : माझा गुरुवारचा अहवाल चुकीचा आहे. सतरा नंबरच्या कामगारावर गटाचा पूर्ण विश्वास आहे. खाली सही केली. आणखी दोन प्रती काढल्या, त्या बाकीच्या दोन गोदामांत स्वतः नेऊन दिल्या. तिथले दोन्ही मालक ती वाचून माझ्याकडे जसे पाहत राहिले, तसं विद्यापीठात माझ्याकडे कोणी कधी पाहिलं नव्हतं.

परत आले तेव्हा मालकाने सावरगावला निरोप धाडला होता. बाहेर ट्रक उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

"मावशी येईपर्यंत शेवटचा हात कोन फिरवन?" मालक रांगेवर ओरडला.

कोणी उठलं नाही. माझ्याकडे त्या दिवशी दुसरं काही काम नव्हतं. चपला काढल्या, पदर खोचला आणि रांगेच्या शेवटी जाऊन बसले.

"म्याडम," तिगावची बाई तिसऱ्याच फळाला म्हणाली, "डोये हायेत का? हे मधलं व्हय, मोठं नाई."

मी ते उचलून मधल्या ढिगात ठेवलं.