काकांची कडी आणि मावशीची होडी

आमचे मावसकाका लेथवर काम करतात. "धातू कापता येतो, चिकटवता येत नाही" हे त्यांचं ब्रह्मवाक्य. म्हणून कुठलीही वस्तू ते आधी केसभर जाडच ठेवतात.

आमची मावशी वल्ह्यांच्या शर्यतीत सुकाणू धरते. बाकीच्या बायका वल्ही मारतात, ही मागे बसून ओरडते. "घरी सराव होतोच," असं काका म्हणतात, पण हळू आवाजात. इतक्या शर्यती झाल्या, पण प्रत्येक फोटोत मावशी म्हणजे नुसता ठिपका. यंदा गुडघ्यांनी राजीनामा दिलेला, तेव्हा ही शेवटचीच शर्यत.

"या खेपेला मला माझं तोंड दिसलं पाहिजे," तिने बजावलं.

झालं! काकांच्या अंगात संचारलं. बंद पडलेल्या स्टुडिओतून त्यांनी एका धिप्पाड कॅमेऱ्याची लेन्स आणली. लांबचं जवळ आणणारी, वजनाला पाट्यावरच्या वरवंट्यासारखी. ती बसवायची घरच्या छोट्या रोलच्या कॅमेऱ्याला!

"अहो, उंदराला हत्तीची सोंड कशाला?" मावशी म्हणाली.

"अगं, मोठ्या कॅमेऱ्याची लेन्स फिल्मपासून लांब बसते. मधे जागा उरते ना, तिथे माझी कडी!"

ॲल्युमिनियमची कडी तयार झाली. आतून काळा रंगही दिला, म्हणजे जादा उजेड आत नाचायला नको. घरात चाचणी झाली. कॅलेंडर लख्ख, मावशीचं नाक लख्ख. काका हवेत!

शर्यतीच्या दिवशी आम्ही काठावर. दूरवर होड्या सुटल्या, तशी काकांनी डोळा लावला आणि किंचाळले, "धुकं पडलंय का रे?"

"लख्ख ऊन आहे, काका!"

त्यांनी लेन्स शेवटापर्यंत फिरवली. समोरचं झुडूप पानापानासकट दिसत होतं, होडी मात्र लापशी. काकांनी कपाळावर हात मारला. "केसभर जाड ठेवली रे! लेन्स पुढे सरकली, आता लांबचं दिसायचं नाही!"

"मग?"

"मग आपणच जवळ जायचं!"

आणि हा गृहस्थ बुटांसकट पाण्यात! कॅमेरा डोक्यावर, पाणी कमरेला. मागून माणसं ओरडतायत, पुढून होडी सुसाट येतेय. काका बघतात, चार पावलं पुढे, पुन्हा बघतात, आणखी दोन... "आली! आली! स्पष्ट झाली!"

नेमकं तेव्हाच मावशीने त्यांना पाहिलं. "अहो, मरायचंय का! बाजूला व्हा!"

खट्! काकांनी बटण दाबलं.

तिने सुकाणू वळवलं आणि होडी दुसरी आली. फोटो धुऊन आला तेव्हा मावशी तो घेऊन खिडकीपाशी बसली. आ वासलेलं तोंड, उडालेले केस, कपाळावर पाण्याचे थेंब, सगळं कोरल्यासारखं.

"तुमच्यापायी पहिला नंबर गेला," ती म्हणाली.

काका खालमानेने उभे.

"पण ओरडताना मी दिसते बाई झकास! जरा मोठा करून आणा."