होऊन राहिलं म्हणजे झालं की राहिलं?

आमच्या ऑफिसात किस्से जमवावे लागत नाहीत. ते लॉग फाइलसारखे आपोआप साचतात. कोणी वाचत नाही, कोणी पुसत नाही, आणि एक दिवस डिस्क भरते. माझी भरली आहे, म्हणून थोडी रिकामी करते.

ऑफिस अमरावतीच्या राजापेठेत. खाली बारावीची ट्यूशन, वर आम्ही. आम्ही म्हणजे मालक वानखडे सर, सीनियर प्रफुल्ल, मी, आणि एक एसी, ज्याचा हिरवा दिवा लागतो पण हवा येत नाही. आमचा मोठा क्लायंट एकच. अकोल्याला बाळापूर रोडवर एक कोल्ड स्टोरेज आहे, तिथं संत्री आणि मिरची ठेवतात. तिथल्या कॉम्प्युटरवर आमची सर्व्हिस चालते. सर्व्हिस म्हणजे पडद्यामागे गुपचूप चालणारा प्रोग्राम. त्याच्या पोटात थ्रेड नावाचे कामकरी असतात, एकेका चेंबरचं तापमान वाचणारा एकेक. आणि या सर्व्हिसनं वेळोवेळी आपली अवस्था सांगायची असते: सुरू होतेय, चालू आहे, बंद होतेय, बंद आहे. चार स्टेटस. चार स्टेटसमध्ये किती खोटं मावतं, हे मला या नोकरीनं शिकवलं!

बाळंतपणाची रजा संपवून मी परत आले तेव्हा सर म्हणाले, "मॅडम, सहा महिने बघू. कोल्ड स्टोरेजचे सेठ खूश राहिले तर तुम्ही राहिल्या. नाहीतर तुम्ही समजदार आहातच."

समजदार म्हणजे नोकरीसाठी पुणे. अमरावतीत आमच्या कामाची ऑफिसं बोटांवर मोजण्याइतकी, नवऱ्याची शाळा इथं, आणि माझी इरा तेव्हा दहा महिन्यांची. ही नोकरी गेली तर इरा इथं आणि मी तिथं. त्यामुळे कोणी 'स्टेटस' म्हटलं की मी आधी कॅलेंडर बघते. आता किस्से.

*

आमच्याकडे रोज सकाळी स्टँडअप मीटिंग असते. ती सगळे बसून करतात.

सर विचारतात, "प्रफुल्ल, रिपोर्टचं काय?" प्रफुल्ल म्हणतो, "होऊन राहिलं, सर." वऱ्हाडीत म्हणजे, काम चालू आहे. गेले दोन महिने हेच. सर मान हलवतात आणि वहीत टिक करतात. टिक कसली, ते त्यांनाच ठाऊक.

एकदा सेन्सर पुरवणाऱ्या कंपनीच्या पुण्याच्या मॅडम कॉलवर होत्या. त्यांनी विचारलं, "आमच्या सेन्सरचं जोडणीचं काम झालं का?"

"होऊन राहिलं," प्रफुल्ल.

"काय राहिलं?"

"काही राहिलं नाही मॅडम, होऊन राहिलं!"

"अहो, म्हणजे झालं की राहिलं?"

प्रफुल्लनं मायक्रोफोनवर हात ठेवला आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "यायले मराठी येत नाही का व?"

मी हसले. मग आठवलं की जोडणीचं अर्धं काम माझ्याकडे होतं. ते राहिलं होतं.

*

मग सरांच्या डोक्यात आलं की स्क्रीन मराठीत हवी. "क्लायंटला आपलं वाटलं पाहिजे!" काम प्रफुल्लला दिलं. त्यानं दहा मिनिटांत चारही स्टेटसचं मराठी केलं: सुरू होऊन राहिलं, चालू, बंद होऊन राहिलं, बंद. सरांना फार आवडलं. मलाही आवडलं, खोटं कशाला बोलू!

चार दिवसांनी गावंडे काकांचा फोन आला. काका म्हणजे कोल्ड स्टोरेजचे ऑपरेटर. कॉम्प्युटरला ते 'डबा' म्हणतात.

"ताई, मंगळवारी डबा बंद कराले बटन दाबलं. आज शुक्रवार. अजून 'बंद होऊन राहिलं'च दाखवून राहिलं. कवा होते बंद?"

झालं होतं असं. बंद व्हायची खूण सर्व्हिसनं ठेवली होती, पण एक थ्रेड सेन्सरच्या उत्तराची वाट बघत खिळून बसला होता. त्यानं ती खूण बघितलीच नाही. त्याच्यासाठी बाकी सगळे तीन दिवस थांबलेले. मी काकांना हे समजावून सांगायला लागले. वाट बघणं, खूण तपासणं, मुदत घालणं.

काकांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "ताई, एक तर जिता ठेवा नाही तर मारून टाका. मंधातच नोका लटकवू."

"काका, पाच मिनिटं द्या, मी इथून बघते."

"राहू द्या. म्या वायर उपटला. झाला बंद."

*

यावर प्रफुल्लनं उपाय काढला: हार्टबीट. सर्व्हिस जिवंत आहे हे कळण्यासाठी दर पाच सेकंदांनी एक ठोका. स्क्रीनवर लालचुटुक बदाम, धडधडणारा. तो दाखवायला सरांनी स्वतःच्या बायकोला ऑफिसात आणलं!

सोमवारी काकांचा फोन. "ताई, दोन नंबरच्या चेंबरात दोन दिवसांपासून पाचच्या पाच डिग्री हाय. ना खाली ना वर. अन् मी आत गेलो तर मले घाम आला."

प्रफुल्ल म्हणाला, "शक्यच नाही. बदाम पाहा न! धडधडून राहिला!"

बदाम खरंच धडधडत होता. कारण ठोके देणारा थ्रेड वेगळा आणि तापमान वाचणारा वेगळा. वाचणारा शनिवारीच मेला होता. ठोके देणाऱ्याला दुसरं काहीच काम नव्हतं, तो ठणठणीत. मेलेल्याच्या उशाशी बसून "तब्येत छान आहे" म्हणत होता.

मिरचीची काही पोती गरम झाली. नुकसान झालं नाही, पण सेठनं सरांना फोनवर जे ऐकवलं ते खाली ट्यूशनपर्यंत गेलं. "अजून एक खेप तुमचा डबा खोटा बोलला, तर डबाबी वापस अन् तुमीबी वापस!"

सरांनी तातडीची मीटिंग घेतली. मी म्हटलं, "सर, ठोका ज्याचा त्यानंच द्यायला हवा. जो थ्रेड तापमान वाचतो, त्यानंच."

सरांनी विचार केला. बराच वेळ केला. मग म्हणाले, "ते पाहू पुढं. सध्या बदाम जरा मोठा करा."

*

आता माझा किस्सा, नाहीतर तुम्ही म्हणाल, बाई दुसऱ्यांनाच हसते.

तो थ्रेड मेला कसा, हे शोधायला मी कोड उघडला. सापडलं. सेन्सरनं वेडंवाकडं उत्तर दिलं की एरर यायचा, आणि तो एरर झेलून कोणीतरी गप्प बसलं होतं. ना नोंद, ना बोंब. थ्रेड मुकाट्यानं संपायचा, आणि सर्व्हिस वरून "चालू"!

मी भर ऑफिसात ओरडले, "कोणत्या गाढवानं लिहिलंय हे? वर कॉमेंट काय, तर 'नंतर बघू'! लाज वाटायला पाहिजे!"

कोणती ओळ कोणी लिहिली ते दाखवणारं टूल असतं. प्रफुल्लनं त्याची स्क्रीन माझ्याकडे वळवली. नाव माझं. तारीख रजेवर जायच्या आदल्या दिवसाची.

"असू द्या ताई," तो म्हणाला, "तेव्हा तुमच्यात दोघी होत्या. दुसरीनं लिहिलं असन."

*

घरी तरी खरं स्टेटस मिळतं का? नाही.

इरा माझ्या सासूबाईंकडे असते. मी दर दोन तासांनी जिन्यात जाऊन फोन करते. अकराला विचारलं, "आई, इरा काय करते?" "खेळून राहिली." एकला, "जेवली का?" "जेवून राहिली." तीनला, "झोपली?" "झोपून राहिली." तिन्ही वेळा मागं तीच सिरीयल, आणि पोरीचा आवाज एकदाही नाही!

मला शंका आली. माझा धंदाच तो. मी म्हटलं, "आई, जरा तिचा फोटो पाठवता का?"

फोटो आला. इरा हसतेय, पिवळा फ्रॉक. सकाळी मी तिला निळा घालून आले होते.

धापा टाकत फोन केला. "आई, हा कालचा फोटो आहे!"

"मंग?" सासूबाई म्हणाल्या. "कालची काय अन् आजची काय, पोरगी तर तेच हाय न व!"

मी सरांना विचारून लवकर घरी गेले. इरा खरंच झोपली होती. निळ्या फ्रॉकवर वरण सांडलेलं. मला बघून सासूबाई एवढंच म्हणाल्या, "तुले ऑफिसात काम नाही का?"

*

शेवटी मी सर्व्हिस नव्यानं लिहिली. प्रत्येक थ्रेड स्वतःचा ठोका स्वतः देणार, शेवटचं खरं वाचन किती वाजता झालं ते आकड्याशेजारी दिसणार, आणि दोन मिनिटं वाचन आलं नाही तर पाचवं स्टेटस: 'माहीत नाही'.

सर खुर्चीतून उठले. "माहीत नाही? मॅडम, आपण क्लायंटला 'माहीत नाही' सांगायचं?"

"सर, पण माहीत नसेल तर?"

"म्हणून काय सांगायचं?"

अर्धा तास वाद झाला. मी अडून बसले. हे माझ्या स्वभावात नाही. शेवटी सर म्हणाले, "ठीक आहे, ठेवा. फक्त शब्द बदला."

दुसऱ्या दिवशी बघितलं, तर सरांनी स्वतः बदलला होता: 'लवकरच कळेल'.

मी तो परत बदलला. सांगितलं नाही.

*

आणि हा गेल्या मे महिन्यातला. सहा महिने संपायला आठवडा बाकी होता, आणि सेठ स्वतः अमरावतीला येऊन नवी सर्व्हिस बघणार होते. बघून ठरवणार, आम्हाला ठेवायचं की नाही. म्हणजे सरांच्या हिशेबानं, मला ठेवायचं की नाही.

अडचण एकच होती. नव्या सर्व्हिसमध्ये रोज बरोबर एक वाजता दोन नंबरच्या चेंबरचं तापमान चढायचं आणि पावणेदोनला उतरायला लागायचं. प्रफुल्ल म्हणाला, "थ्रेड येडा झाला." सर म्हणाले, "एक ते दोन आकडा पाचवर गोठवून टाका."

मी इराला मांडीवर घेऊन कोड सात वेळा तपासला. चूक सापडेना. माझ्या कोडमध्ये चूक सापडत नाही म्हणजे मी नीट बघत नाही, असाच माझा आजवरचा अनुभव. पण तरी नव्हती. गोठवण्याबद्दल मी सरांना "करते" म्हटलं आणि केलं नाही.

सेठ साडेबाराला आले. एकच्या आत उरकायचं असा सरांचा बेत. पण सेठ चहा घेत जावयाबद्दल बोलत राहिले, आणि जावई संपेपर्यंत एक वाजला.

पाच. सहा. आठ.

"हे काय होय?" सेठ.

"बग आहे सेठजी, कोडमधली चूक," सर घाईनं म्हणाले. "मॅडम नवीन आहेत."

मी या ऑफिसात तीन वर्षांपासून आहे. मी स्क्रीन सेठकडे वळवली. म्हटलं, "सेठजी, बग नाही. तिथं आत्ता खरंच आठ आहे."

सरांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत पुण्याचं तिकीट होतं.

सेठनं खिशातून फोन काढला, स्पीकरवर टाकला. "गावंडे, कुठं हाय?"

"ड्युटीवरच हाय न सेठजी! दोन नंबरच्या दारापाशी."

"दार बंद हाय का?"

"एकदम टाइट, सेठजी!"

आवाज घुमत होता, विहिरीतून यावा तसा. आणि मागून कोणीतरी म्हणालं, "गावंडेभाऊ, ठेचा इकडं सरकवा. अन् दार अजून थोडं उघडा बाप्पा, अंधारात भाकर दिसून नाही राहिली."

सेठनं फोन टेबलावर पालथा ठेवला. स्क्रीनवर अकरा. सर पंख्याकडे बघत होते. प्रफुल्ल चपला शोधत होता.

सेठनं खुर्ची माझ्या बाजूला ओढली, चष्मा पुसला, आणि स्क्रीनच्या अगदी जवळ जाऊन विचारलं,

"ताई, आतमंधी किती जण पंगतीले बसले, थेबी सांगते का हो तुमचा डबा?"